संगणकातला सालदार

आखाजीची सकाळ आहे. जळगावच्या सराफ बाजारात दहा वाजताच उन्हाचा चटका बसू लागला आहे आणि मुहूर्ताचे सोने घेणाऱ्यांनी दुकान भरून गेले आहे. दर्शनी भागात तीन काउंटर, प्रत्येकावर एक संगणक. चौथा संगणक मागच्या खोलीत, तिजोरीच्या शेजारी. रात्री वीज गेली, पहाटे आली. नोकराने चारही यंत्रे सुरू केली. पावती करायला घेतली, तर तिन्ही पडद्यांवर एकच ओळ उमटली : सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही. बिलाची आज्ञावली लिहून देणारा तरुण धुळ्याचा. तो एसटीत बसलेला, गाडी पारोळ्याजवळ.

“शेठजी, मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर ती काळी खिडकी उघडी आहे का?”

“काळी खिडकी? ती तर नेहमीचा पोरगा उघडतो. तो आज गावी गेलाय आखाजीला. तुम्हीच सांगा ना भाऊ, कुठं दाबू?”

प्रसंग कल्पित आहे. पण जळगाव-धुळ्यात दुकानांच्या आणि पतसंस्थांच्या संगणकांची देखभाल करणाऱ्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. दागिन्यांचा साठा, गिऱ्हाइकांची उधारी, मोडीचे वजन, प्रत्येक नगाचा हॉलमार्क क्रमांक हे सारे मागच्या खोलीत सुखरूप आहे. डिस्कवरचे एक अक्षरही हरवलेले नाही. तरीही वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवशी दुकान आंधळे झाले आहे, कारण ती माहिती काढून देणारा कारकून आज कामावर आलेला नाही. तो कोण, त्याला कामावर कोणी बोलवायचे आणि त्याने कोणाची वाट न पाहता स्वतःहून यावे यासाठी काय करावे लागते, हा या लेखाचा विषय.

खानदेशात शेतीला माणूस लावण्याच्या दोन रीती. रोजंदार सकाळी बोलावला तर येतो आणि सांजेला घरी जातो. सालदार आखाजीला ठरतो तो पुढच्या आखाजीपर्यंतचा. मालक शेतावर असो वा नसो, तो उजाडायच्या आत कामाला लागलेला असतो. संगणकातही नेमके हेच दोन प्रकार आहेत. आपण चिन्हावर टिचकी मारून जी आज्ञावली उघडतो ती रोजंदार. तिला खिडकी असते, आपण ती मिटली की काम थांबते; आपण संगणकातून बाहेर पडलो की तीही जाते. ‘सर्व्हिस’ या प्रकारातल्या आज्ञावलीला खिडकीच नसते. यंत्र सुरू झाले की कोणी परवलीचा शब्द टाकून आत येण्यापूर्वीच ती जागी होते आणि यंत्र बंद होईपर्यंत राबते. वरच्या दुकानात डेटाबेस सर्व्हर रोजंदारीवर ठेवलेला होता, एवढाच सगळा घोटाळा.

मुळात असा वेगळा कारकून का लागतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे हिशेबाच्या बहुतेक आज्ञावल्या फॉक्सप्रोमध्ये लिहिलेल्या असत. त्यांत सर्व्हर नावाची वस्तूच नव्हती. माहितीच्या फायली एका संगणकावर ठेवायच्या, तो कप्पा बाकीच्यांना खुला करायचा आणि प्रत्येक काउंटरने थेट त्या फायलीत लिहायचे. एकाच वहीवर तीन मुनीम एकदम बसल्यासारखा हा प्रकार. कोणाची तार निसटली किंवा मधेच वीज गेली, की अनुक्रमणिकेची फाईल बिघडे आणि मग ‘रीइंडेक्स’ करण्यात अर्धा दिवस जाई. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी विकत घेतली. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती २००४ मध्ये आली आणि तीच शेवटची ठरली. २०१५ मध्ये तिचा अधिकृत आधारही संपला.

दरम्यान मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर यांनी तिची जागा घेतली. यांची रीत निराळी. वहीला हात लावण्याचा अधिकार एकट्या सर्व्हरचा. काउंटरांनी फक्त त्याला विचारायचे आणि सांगायचे. तीन ठिकाणांहून एकदम मागणी आली तर क्रम लावणे, अर्धवट राहिलेला व्यवहार रद्द करणे, एकच अंगठी दोन पावत्यांवर चढू न देणे हे सगळे तो पाहतो. सोय मोठी आहे, पण तिच्याबरोबर एक अट येते : हा कारकून सतत हजर पाहिजे. फॉक्सप्रोच्या काळात ‘सर्व्हर बंद आहे’ हे वाक्य दुकानात कोणी उच्चारत नव्हते, कारण बंद पडायला तेथे काही नव्हतेच.

पडद्याआड अखंड चालणाऱ्या आज्ञावलीची कल्पना संगणकाच्या जगात फार जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये १९६३ च्या सुमारास प्रोजेक्ट मॅकमधील मंडळींनी अशा आज्ञावल्यांना ‘डीमन’ म्हणायला सुरुवात केली. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने एका विचारप्रयोगात अदृश्यपणे रेणू निवडून वेगळे करणारा एक पिशाच्चवत नोकर कल्पिला होता, त्यावरून हे नाव आले. मराठीत कोणी त्याला वेताळ म्हटले असते तर बिघडले नसते. सांगितलेले काम निमूटपणे करणारा वेताळ आपल्या कथांतही आहेच. मायएसक्यूएलच्या मुख्य फाईलचे नाव ‘मायएसक्यूएलडी’ असते, त्यातला शेवटचा ‘डी’ हाच. युनिक्स आणि पुढे लिनक्स यांत ही सोय पहिल्यापासून होती. घरगुती विंडोजमध्ये मात्र नव्हती. विंडोज ९५ आणि ९८ या मुळात एका माणसाने एका वेळी वापरायच्या प्रणाली. त्यांच्यावर डेटाबेस सर्व्हर चालवणे म्हणजे काळी खिडकी उघडून ठेवणेच. खऱ्या अर्थाने सर्व्हिस आली ती १९९३ च्या विंडोज एनटीत, आणि २००१ मध्ये एक्सपी आल्यावर ती तुमच्या-आमच्या टेबलावर पोहोचली. पोस्टग्रेसला तर थेट विंडोजवर चालण्यासाठी जानेवारी २००५ मधल्या ८.० या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले.

सालदाराचा करार

विंडोजमध्ये ‘सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर’ नावाचा एक मुकादम असतो. कोणत्या सर्व्हिस आहेत, त्यांची मूळ फाईल कुठे आहे, त्या कोणाच्या नावाने चालतात आणि केव्हा सुरू करायच्या याची नोंद त्याच्या मस्टरवर असते. ‘रन’च्या चौकटीत सर्व्हिसेस डॉट एमएससी असे लिहिले, की ते मस्टर आपल्याला पाहता येते. पहिल्यांदा पाहणारा दचकतो, कारण यादी भलतीच लांब असते. छपाई, घड्याळ, आवाज, अद्ययावतीकरण अशा कित्येक सालदारांत आपला मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस एका ओळीत बसलेला असतो.

त्या ओळीवर दोनदा टिचकी मारली की कराराच्या अटी दिसतात. पहिली अट सुरू होण्याची. ‘ऑटोमॅटिक’ असेल तर यंत्राबरोबर. ‘मॅन्युअल’ असेल तर कोणी सांगितल्यावर. ‘डिसेबल्ड’ असेल तर कधीच नाही. व्हिस्टापासून ‘ऑटोमॅटिक, पण थोड्या विलंबाने’ असा चौथा पर्यायही मिळाला. यंत्र सुरू होताना एकाच वेळी पन्नास जणांची झुंबड उडते आणि जुनी डिस्क धापा टाकू लागते, तेव्हा तो कामाचा ठरतो. सुरू व्हायला सांगितलेल्या सर्व्हिसने साधारण तीस सेकंदांत प्रतिसाद द्यावा अशी मुकादमाची अपेक्षा असते. ती पुरी झाली नाही तर तो १०५३ क्रमांकाची चूक दाखवून मोकळा होतो. डेटाबेस मोठा, यंत्र जुने आणि आदल्या रात्री वीज अवचित गेलेली, अशा वेळी ही चूक दिसली म्हणून सगळे संपले असे समजू नये. पाच मिनिटे थांबून पुन्हा ‘स्टार्ट’ म्हणून पाहावे.

दुसरी अट अधिकारांची, आणि तिच्याकडे आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. प्रत्येक सर्व्हिस कोणत्या तरी खात्याच्या नावाने चालते. ‘लोकल सिस्टिम’ हे खाते म्हणजे घराच्या साऱ्या किल्ल्या. ‘नेटवर्क सर्व्हिस’ म्हणजे गरजेपुरत्या. झंझट नको म्हणून पुष्कळ जण साऱ्या किल्ल्या देऊन टाकतात. पोस्टग्रेसचे कर्ते याबाबतीत इतके काटेकोर, की प्रशासकीय अधिकारांखाली त्यांचा सर्व्हर चालायला चक्क नकार देतो. सुरुवातीला लोकांना तो हट्टीपणा वाटे. मला तो शहाणपणा वाटतो, कारण बाहेरच्या कोणी सर्व्हरला फशी पाडलेच, तर सर्व्हरच्या हातात जेवढ्या किल्ल्या असतात तेवढ्याच त्या भामट्याला मिळतात.

तिसरी अट ‘रिकव्हरी’ या पानावर असते : सर्व्हिस मधेच पडली तर काय करायचे? काहीच ठरवले नसेल तर बऱ्याचदा मुकादम काहीच करत नाही. पहिल्या व दुसऱ्या वेळी पुन्हा सुरू कर, असे तेथे सांगून ठेवता येते. तिसऱ्या वेळी मात्र थांबू द्यावे. वारंवार पडणारा सर्व्हर काहीतरी सांगत असतो आणि ते त्याने लिहूनही ठेवलेले असते. मायएसक्यूएलच्या माहितीच्या कप्प्यात संगणकाच्या नावाची एक चुकांची फाईल असते. तिच्या शेवटच्या वीस ओळी वाचल्या तर निम्म्या फोनची गरज उरत नाही. १०६७ ही दुसरी प्रसिद्ध चूक. तिच्यामागे पुष्कळदा एक साधे कारण निघते : दुसऱ्या कोणी तरी त्याच संगणकावर आपली आज्ञावली बसवताना स्वतःचा आणखी एक मायएसक्यूएल आणला, आणि दोघेही ३३०६ क्रमांकाच्या एकाच दारावर हक्क सांगत बसले. जो आधी उठतो तो दार धरतो, दुसरा पडतो. डिस्क काठोकाठ भरणे हे त्याखालोखालचे कारण.

पुष्कळ नवशिके प्रोग्रॅमर झॅम्पचा संच गिऱ्हाइकाच्या यंत्रावर तसाच टाकून देतात. शिकण्यासाठी तो संच उत्तम, आणि तो शिकण्या-लिहिण्यासाठीच आहे असे त्याचे कर्तेही सांगतात. त्यातला डेटाबेस आपोआप सर्व्हिस होत नाही, ती खूण आपण करावी लागते; आणि सर्वाधिकारी खात्याला परवलीचा शब्दच नसतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणलेल्या नव्याकोऱ्या यंत्रावर असा सर्व्हर बसला, की ते दुकान पहिल्या दिवसापासून उघड्या दाराने झोपते.

वीज आणि रोजकीर्द

२००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाचे वेळापत्रक वर्तमानपत्रांतून छापून येत असे. ते दिवस मागे पडले, तरी मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिसावर गेला, की रोहित्रांचीही परीक्षा होते आणि वीज न सांगता जाते. अशा वेळी डेटाबेसचे काय होते, याचे उत्तर जुन्या पेढीच्या कोणाही मुनिमाला चटकन समजेल.

पेढीवर व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत चढतो, मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जातो. खतावणी अर्धवट राहिली असताना दिवा गेला तरी बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी कीर्द समोर घेऊन राहिलेल्या नोंदी पुऱ्या करता येतात. चांगले डेटाबेस सर्व्हर अगदी हेच करतात. प्रत्येक बदल प्रथम एका सलग नोंदवहीत लिहून तो डिस्कवर पक्का करायचा, त्यानंतरच ‘व्यवहार झाला’ असे काउंटरला कळवायचे, आणि मूळ तक्त्यांत तो मागाहून उतरवायचा. खतावणी कुठवर आली याची खूण मधून मधून केली जाते. वीज जाऊन परत आल्यावर सर्व्हर त्या खुणेपासून कीर्द वाचत जातो, पक्के झालेले व्यवहार पुरे करतो आणि अपुरे पुसून टाकतो. सकाळी त्याला उठायला कधी कधी वेळ लागतो तो यामुळेच. त्या क्षणी घाईने यंत्राचे बटण पुन्हा दाबणारा माणूस त्याचे काम वाढवतो.

जुन्या मायएसक्यूएलमध्ये सर्रास वापरली जाणारी मायआयसॅम ही पद्धत अशी कीर्द ठेवत नसे. वीज गेली की तक्ता ‘क्रॅश’ झाल्याचा निरोप येई आणि दुरुस्तीची आज्ञा द्यावी लागे. २०१० च्या ५.५ या आवृत्तीपासून कीर्द ठेवणारी इनोडीबी ही मूळ पद्धत झाली. पण कोणाच्या दुकानात पंधरा वर्षांपूर्वीचे तक्ते तसेच पुढे सरकत आलेले असतील, तर ते कोणत्या पद्धतीचे आहेत हे एकदा विचारून घ्यावे.

या साऱ्या व्यवस्थेत एक कच्चा दुवा आहे. काही स्वस्त डिस्क ‘लिहिले’ असे सांगतात तेव्हा अक्षरे प्रत्यक्षात त्यांच्या तात्पुरत्या स्मृतीत असतात. त्याच क्षणी वीज गेली तर कीर्दच खोटी पडते. म्हणून मागच्या खोलीतल्या त्या एका संगणकाला तरी यूपीएस हवा. काउंटरच्या तीन यंत्रांना नसला तरी चालेल, सर्व्हरला हवाच. आणि यूपीएसची तार यूएसबीने संगणकाला जोडलेली हवी, म्हणजे बॅटरी संपत आल्याचे यंत्राला कळेल आणि ते स्वतःहून नीट बंद होईल.

नीट बंद होणे यालाही अर्थ आहे. संगणक बंद करताना मुकादम प्रत्येक सर्व्हिसला थांबण्याचा निरोप देतो आणि काही सेकंद वाट पाहतो. तेवढ्यात सर्व्हर हातातले लिखाण उरकतो. ‘टास्क मॅनेजर’मधून त्याला मारून टाकणे हे वीज जाण्यासारखेच. यात विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, एक गंमत वाढली आहे. ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असेल, तर ‘शट डाउन’ म्हटल्यावर सर्व्हिस खऱ्या अर्थाने थांबतच नाहीत. त्यांची झोपलेली स्थिती डिस्कवर ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उठवली जाते. त्यामुळे डेटाबेसच्या मांडणीत केलेला बदल रोज यंत्र बंद-सुरू करूनही लागू होत नाही आणि प्रोग्रॅमर डोके धरून बसतो. ‘रीस्टार्ट’ म्हटले की लगेच लागू होतो. सर्व्हरच्या यंत्रावर ही सोय बंद केलेलीच बरी.

झोपेचे आणखी एक. मूळ मांडणीनुसार विंडोज काही वेळ कोणी कळफलकाला हात लावला नाही की झोपी जाते. मागच्या खोलीतल्या संगणकाला दिवसभर कोणी हात लावतच नाही! दुपारी तीनला ‘सर्व्हर गेला’ असा फोन येतो आणि कोणी माऊस हलवला की तो चमत्काराने परत येतो. पॉवरच्या पानावर ‘झोप : कधीच नाही’ एवढे करून ठेवणे पुरते.

न पाहिलेला नोकर

अदृश्य नोकराचा दुसराही धोका आहे : तो घरात आहे हेच मालकाला माहीत नसणे. २५ जानेवारी २००३ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी अकराच्या सुमारास, ‘स्लॅमर’ नावाचा एक किडा इंटरनेटवर सुटला. त्याचा आकार अवघा ३७६ बाइट, म्हणजे या परिच्छेदापेक्षाही लहान. त्याने लक्ष्य केले ते मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० ला आणि त्याच्याच एमएसडीई नावाच्या लहान भावंडाला. पहिल्या दहा मिनिटांत किमान ७५ हजार यंत्रे त्याच्या तावडीत आली. अमेरिकेत एका मोठ्या बँकेची एटीएम अडली, दक्षिण कोरियात इंटरनेट कोलमडले. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधी, जुलै २००२ मध्ये देऊन ठेवली होती.

मग ती का लावली गेली नाही? आळस हे एक कारण झाले. पण एमएसडीई हा सर्व्हर इतर आज्ञावल्यांच्या पोटात बसून गुपचूप येत असे आणि सर्व्हिस म्हणून नोंदला जाई. अनेकांना आपल्या टेबलावरच्या साध्या संगणकात डेटाबेस सर्व्हर आहे याची कल्पनाच नव्हती. दुरुस्ती कशाची करणार? त्या धड्यानंतर २००५ ची एक्सप्रेस आवृत्ती आली, ती मुळात स्वतःच्या यंत्राबाहेरचे कोणाचे ऐकतच नाही. बाहेरचे दार आपण मुद्दाम उघडावे लागते. नव्याने बसवणारे जे वैतागतात, ‘काउंटरवरून सर्व्हर दिसत नाही’ म्हणतात, त्या वैतागामागे स्लॅमर आहे.

दुकानातल्या जाळ्यात दार उघडावे लागतेच. ऑगस्ट २००४ मधील एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून विंडोजची फायरवॉल मुळातच चालू असते. तिच्यात मायएसक्यूएलसाठी ३३०६, पोस्टग्रेससाठी ५४३२, एसक्यूएल सर्व्हरसाठी १४३३ या क्रमांकाला वाट द्यायची, आणि तीही फक्त दुकानातल्या पत्त्यांना. चिडून सगळी फायरवॉलच बंद करणारे महाभाग मी पाहिले आहेत. सर्व्हरच्या यंत्राचा जाळ्यातला पत्ता कायमचा ठरवून द्यावा हे वेगळे सांगायला नको. नाहीतर वीज गेल्यावर राउटर त्याला नवा पत्ता देतो आणि काउंटर जुन्या पत्त्यावर हाका मारत राहतात. सर्व्हर ठणठणीत आणि दुकान बंद, असा हा तिसरा प्रकार. विषाणूरोधक आज्ञावलीलाही डेटाबेसच्या माहितीच्या कप्प्यात डोकावू नये असे सांगून ठेवावे, कारण लिखाण चालू असताना तिने फाईल अडवून धरली की सर्व्हर अडतो.

प्रत काढण्याची रीत

सर्वांत मोठे नुकसान मात्र यांपैकी कशाने होत नाही. डिस्क मरते, आणि मग कळते की प्रत नाही. किंवा आहे, पण ती उघडत नाही.

दुकानदार प्रत काढतात, असे नाही की काढत नाहीत. संध्याकाळी माहितीचा कप्पा उचलून पेनड्राइव्हवर टाकतात. फॉक्सप्रोच्या काळात, सगळे बंद करून काढलेली अशी प्रत चालत असे. सर्व्हर सर्व्हिस म्हणून चालू असताना ती चालत नाही. कप्प्यातली एक फाईल पाच वाजून दहा मिनिटांची, दुसरी बारा मिनिटांची. कीर्द आणि खतावणी यांचा मेळ नाही. अशी प्रत कधी उघडते, कधी उघडत नाही, आणि उघडली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. एकतर सर्व्हिस रीतसर थांबवून कप्पा उचलावा, नाहीतर सर्व्हरसोबत मिळणारे मायएसक्यूएलडंप किंवा पीजीडंप हे साधन वापरावे. ते सर्व्हरकडूनच माहिती मागून घेते. मायएसक्यूएलडंपला ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय सांगितला की इनोडीबी तक्त्यांची एकाच क्षणाची सुसंगत प्रत मिळते; पीजीडंपला ते वेगळे सांगावे लागत नाही. काउंटर चालू असले तरी हरकत नाही.

एसक्यूएल सर्व्हरची रीत थोडी फसवी. त्याच्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीत वेळापत्रकाने काम करणारा ‘एजंट’ दिलेला नाही, म्हणून विंडोजच्या ‘टास्क शेड्युलर’कडून रोजची आज्ञा द्यावी लागते. आणि प्रत लिहितो तो सर्व्हर स्वतः, तुम्ही नव्हे. तुमच्या पडद्यावर दिसणारा ‘झेड’ हा जाळ्यावरचा ड्राइव्ह तुमच्या खात्यापुरता असतो. पडद्याआडच्या नोकराला तो दिसतच नाही. हाताने करून पाहिले, तरी प्रत काही ‘झेड’वर जात नाही, मार्ग सापडत नसल्याची चूक येते, आणि रात्रीच्या वेळापत्रकात तर ती चूक पाहायलाही कोणी नसते. सोपा उपाय असा की प्रत आधी त्याच यंत्राच्या डिस्कवर घ्यावी आणि तेथून दुसरीकडे न्यावी.

दुसरीकडे म्हणजे दुसऱ्या छपराखाली. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात नानासाहेब देवांनी मठोमठी हिंडून जमवलेली समर्थ संप्रदायाची बाडे आहेत. ती मिळू शकली, कारण शिष्यांनी नकला करून त्या ठिकठिकाणच्या मठांत ठेवल्या होत्या. एका मठाला वाळवी लागली तरी दुसऱ्यात पोथी उरे. सराफाच्या दुकानात मात्र मूळ माहिती, तिची प्रत आणि प्रतीची प्रत एकाच तिजोरीशेजारी आढळते. एक प्रत घरी किंवा ऑनलाइन साठ्यात जायला हवी. खंडणीखोर विषाणूंच्या या काळात तर एक प्रत संगणकाला न जोडलेली हवीच, कारण जोडलेला पेनड्राइव्हही ते कुलूपबंद करतात. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक हॉलमार्क दागिन्याला सहा अक्षर-अंकी एचयूआयडी लागतो. हजारो नगांची ती यादी हरवली, तर ती पुन्हा उभी करण्यासाठी एकेक नग भिंगाखाली धरावा लागेल. पतसंस्थेत हे दुखणे आणखी खोल, कारण तेथे हरवलेली नोंद दुसऱ्या कोणाच्या तरी पिग्मीची असते.

आता पुष्कळ आज्ञावल्या इंटरनेटवरच चालतात आणि ज्यांना परवडते त्यांनी तो मार्ग जरूर धरावा. पण फायबरची तार रस्त्याच्या खोदकामात तुटली की आखाजीला तेथेही दुकान थांबते. त्यामुळे मागच्या खोलीतला संगणक इतक्यात निवृत्त होईल असे दिसत नाही. मात्र त्यावर विंडोज १० असेल, तर त्या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे लक्षात घ्यावे. यंत्र बदलताना सर्व्हिस नव्याने नोंदवावी लागते. नुसता कप्पा नव्या यंत्रावर नेला तर मस्टरवर नाव चढत नाही.

धुळ्याचा तो तरुण जळगावच्या बसस्थानकावर उतरून दुकानात पोहोचला, तर त्याचे काम पंधरा मिनिटांचे आहे. प्रशासकाच्या अधिकाराने काळी खिडकी उघडायची, मायएसक्यूएलडीला ‘इन्स्टॉल’ म्हणायचे, मस्टरवर नाव आले का पाहायचे, ‘ऑटोमॅटिक’ आहे याची खात्री करायची, बेताच्या किल्ल्यांचे खाते द्यायचे आणि सर्व्हिस सुरू करून ती खिडकी मिटायची. मग संगणक ‘रीस्टार्ट’ करायचा आणि कोणालाही परवलीचा शब्द टाकू न देता पुढच्या काउंटरवर पावती होते का ते पाहायचे. एवढे झाल्यावर त्याने एक कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा : सर्व्हिसचे नाव, दाराचा क्रमांक, माहितीचा कप्पा कुठे आहे ते, आणि काढलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर शेवटची कधी उघडून पाहिली ती तारीख. परवलीचा शब्द त्या कागदावर नको; तो शेठजींनी तिजोरीत ठेवावा.